तारीख कोणी ठरवायची? लग्नाच्या वेळेबद्दल वाचकांचे प्रश्न

स्थळ कसे पाहावे यावर या सदरात पुष्कळ लिहून झाले. या वेळी आलेल्या पत्रांत मात्र ‘कोणाशी’पेक्षा ‘कधी’ हाच प्रश्न जास्त आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मंडळ्यांचे, म्हणजे चर्चचे, नियम जिथे वेगळे पडतात, तिथे तसे सांगितले आहे.

सलाम. वय 29, अहिल्यानगरला शाळेत शिकवते. पाच महिन्यांपूर्वी मंडळीतल्या ओळखीतून एक स्थळ आले. मुलगा विश्वासात आहे, आमचे बोलणे होते, नाही म्हणावे असे काही सापडलेले नाही. पण देवाची वेळ आली आहे का, हेच कळत नाही. रोज प्रार्थना करते, बायबल उघडून जे वचन समोर येईल ते वाचते, चिन्ह मागते. एक दिवस शांती वाटते, दुसऱ्या दिवशी पोटात गोळा येतो. आई म्हणते, पूर्ण शांती मिळेपर्यंत थांब. किती थांबायचे?

बायबल कुठेही उघडून दिसेल ते वचन घेणे आधी बंद करा. वारंवार उघडलेले पुस्तक बांधणी सैल झालेल्या पानावरच उघडते. त्यात देवाचा हात शोधू नये.

चिन्ह मागणारे बायबलमधल्या गिदोनाच्या लोकरीचा दाखला देतात. त्याने जमिनीवर लोकर ठेवून तिच्यावरच्या दवावरून देवाकडे चिन्ह मागितले. पण गिदोनाला काय करायचे ते देवाने आधीच सांगितले होते. लोकर त्याने विश्वास डळमळला म्हणून ठेवली. लग्नाच्या बाबतीत उत्पत्तीचा 24 वा अध्याय जास्त उपयोगी आहे. अब्राहामाच्या मुलासाठी मुलगी पाहायला गेलेल्या सेवकानेही चिन्ह मागितले, पण कसले? ‘मला पाणी देऊन जी माझ्या उंटांनाही पाजील, ती.’ उंट होते दहा, आणि तहानलेला उंट एका दमात शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो. म्हणजे त्याने आकाशातला तारा मागितला नाही. अनोळखी माणसासाठी कोण इतके कष्ट घेईल, हे त्याने विहिरीवर उभे राहून पाहिले. आणि एवढे चिन्ह मिळाल्यावरही घरच्यांनी रिबकेला बोलावून विचारलेच, ‘तू या मनुष्याबरोबर जातेस काय?’ ती म्हणाली, ‘जाते.’ चिन्हाने हा प्रश्न टळला नाही.

प्रेषित पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात लग्न आणि अविवाहितपण दोन्ही बरे म्हटले आहे. अट एकच घातली, ती म्हणजे लग्न ‘प्रभूमध्ये’, म्हणजे विश्वासातल्या माणसाशी, असावे. तारीख त्याने कोणालाच दिली नाही.

आता पोटातल्या गोळ्याकडे येऊ. एका कागदावर लिहा: नक्की कशाची भीती वाटते? उत्तर त्या मुलाच्या वागण्यात सापडले, म्हणजे राग, पैशांची लपवालपवी, दारू, वेटरशी किंवा आईशी बोलण्याची तऱ्हा, तर ती भीती ऐकण्यासारखी आहे. ती प्रार्थनेने घालवायची नाही, तिची चौकशी करायची. पण कागदावर ‘घर सोडायचे’, ‘सगळे नवे’, ‘जमेल का’ एवढेच उतरले, तर ती दहा वर्षे थांबूनही जाणार नाही. वेदीपर्यंत चालत जाणाऱ्या बहुतेक मुलींच्या पोटात तो गोळा असतो. मुलांच्याही असतो, ते सांगत नाहीत.

पाच महिने बोलणे चालू आहे, पण कशाबद्दल? आवडीनिवडी आणि शाळेच्या गमती यांतच महिने जातात. चार भेटी ठरवा. प्रत्येक भेट तासाभराची, आणि एका भेटीत एकच विषय. पहिली पैशांची: पगार किती, कर्ज किती, जामीन कोणाला राहिला आहे, दशांश देतो का, लग्नानंतर तुमच्या पगारातले आईवडिलांना किती जाणार. दुसरी घराची: कुठे राहायचे, सासूसासऱ्यांबरोबर असल्यास कोणत्या गोष्टी दोघांनीच ठरवायच्या, तुमची नोकरी चालू राहणार का. तिसरी मुलांची आणि आरोग्याची. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी रक्ताची एचबीए-2 तपासणी साखरपुड्याच्या आधी करा, नंतर नको. दोघेही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते, आणि साखरपुडा झाल्यावर ही गोष्ट कोणी मोकळेपणाने बोलत नाही. चौथी भेट मंडळीची: रविवारी कोणत्या चर्चमध्ये जायचे, घरात प्रार्थना कोण घेणार, दोघांची मंडळी वेगळी असेल तर मुलांचा बाप्तिस्मा कुठे. याशिवाय त्याच्या पाळकसाहेबांना तुमच्या घरच्या कोणीतरी प्रत्यक्ष भेटावे. फोनवर सगळेच मुलगे चांगले असतात. आणि कामाच्या एखाद्या साध्या दिवशी, पाहुण्यांसाठी घर आवरलेले नसताना, त्यांच्याकडे जाऊन या.

हे सगळे सहा आठवड्यांत होते. तेव्हा आजपासून सहा आठवड्यांची तारीख ठरवा. ती लग्नाची नव्हे, होकार किंवा नकार देण्याची. त्या मुलालाही ती सांगा, कारण पाच महिने तोही थांबला आहे. आईला म्हणावे, शांतीची वाट पाहते आहे, पण हात जोडून बसून नाही.

वय 27, वसई. एका खासगी कंपनीत 34 हजार पगार. सोयरीक ठरली आहे, मुलगीही नोकरी करते. बाबा म्हणतात आधी वरचा मजला बांधू, मग लग्न. म्हणजे अजून दोनतीन वर्षे. आई म्हणते याच वर्षी उरकू, पण गावजेवण झालेच पाहिजे. 900 माणसे धरली आहेत. त्यासाठी 6 लाखांचे कर्ज काढायचे म्हणतात. ख्रिस्ती माणसाने कधी करावे, आधी की नंतर?

दोघांचेही ऐकू नका. म्हणजे आदराने ऐका, पण हिशेब स्वतः करा.

6 लाखांचे वैयक्तिक कर्ज 12 टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले तर हप्ता 15,800 रुपयांच्या आसपास बसतो. चार वर्षांत व्याजच सुमारे 1 लाख 58 हजार. 34 हजारांतून हप्ता गेला की उरतात 18,200, आणि त्यात पहिले बाळंतपणही येणार. 900 ताटे प्रत्येकी 450 रुपयांची धरली तर नुसत्या जेवणाचे 4 लाख 5 हजार होतात. तेच 250 माणसांचे 1 लाख 12 हजार 500. कर्जाचा मोठा भाग या एका ओळीत आहे. विवाह संस्काराला लागतात वर, वधू, धर्मगुरू आणि दोन साक्षीदार. बाकीची 895 माणसे प्रेमाची आहेत, पण त्यांच्यासाठी सून चार वर्षे हप्ता फेडणार हे त्यांनाही आवडणार नाही.

आता बाबांचा मजला. नीतिसूत्रांच्या 24 व्या अध्यायात म्हटले आहे की आधी बाहेरचे काम तयार कर, शेत तयार कर, मग घर बांध. लोक हे वचन ‘आधी घर, मग बायको’ असे वाचतात. पण तिथे शेत पहिले आहे, म्हणजे रोजीरोटी. घर दुसरे. तुमचे शेत आहे, पगार चालू आहे. वरच्या मजल्यावर फरशी लागली की नाही, याच्याशी लग्नाचा संबंध नाही. एका गोष्टीचा मात्र आहे. ‘पुरुष आपल्या आईबापांना सोडून’ हे उत्पत्तीत उगाच लिहिलेले नाही. वेगळे घर हवेच असे नाही, पण आतून कडी लागेल अशी एक खोली आणि तुमच्या दोघांच्या पैशांवर तुमचा दोघांचा हक्क, एवढे हवे. सध्याच्या घरात तशी खोली नसेल आणि हॉलमध्ये पडदा लावून संसार सुरू करायचा बेत असेल, तर थांबा किंवा भाड्याने घ्या. पडद्याआडच्या संसारात वर्षाच्या आत वाद सुरू होतात, आणि खापर सुनेवर फुटते.

आमचा ठोकताळा असा: दोघांच्या तीन महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बँकेत, भाड्याचे घर असेल तर अनामत वेगळी, आणि लग्नासाठी कर्ज शून्य. तुमचा दोघांचा मिळून खर्च महिना 30 हजार धरला तर 90 हजार बाजूला हवेत. तुम्ही 8 हजार आणि तिने 7 हजार टाकले तर सहा महिन्यांत 90 हजार होतात. त्यापुढच्या चारपाच महिन्यांत छोट्या लग्नातला तुमचा वाटा निघतो. म्हणजे दहाअकरा महिने. दोनतीन वर्षे नाही आणि उद्याही नाही. थांबायचे तर असे आकडा आणि महिना ठरवून थांबावे. ‘परिस्थिती सुधारली की’ हे वाक्य ठरलेल्या लग्नांना सुरुंग लावते.

मुलीकडच्यांकडून तूट भरून घेण्याची सूचना घरात येईल. ‘त्यांच्या आनंदाने’ असेच शब्द असतील. तो हुंडाच, आणि 1961 पासून कायद्याने गुन्हा आहे.

मी वसईची, होणारा नवरा मुंबईच्या एका धर्मग्रामातला (पॅरिशमधला), नोकरी दुबईत. दोघेही कॅथलिक. त्याला वीस दिवसांची रजा मिळणार आहे. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातला हॉल बघून ठेवला आहे. चर्चमध्ये कधी जायचे?

हॉलवाल्याकडे जाण्याआधी जायला हवे होते. अजून पैसे भरले नसतील तर थांबा.

पहिले पाहायचे ते राखेचा बुधवार कधी आहे. तो दर वर्षी 4 फेब्रुवारी ते 10 मार्च यांच्या दरम्यान सरकतो. तिथून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. कॅथलिक नियमाप्रमाणे उपवासकाळात लग्नाला सरसकट बंदी नाही. बंदी आहे ती शुभ शुक्रवार आणि पवित्र शनिवारी. पण या काळाचे गांभीर्य सांभाळायचे असते, त्यामुळे वेदीवरची फुले, वाजंत्री यांवर मर्यादा येतात, आणि अनेक धर्मग्रामांत या दिवसांत लग्ने लावतच नाहीत. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा बहुतेक वर्षी उपवासकाळातच येतो. तुमच्या फादरांना विचारल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. डिसेंबरमधल्या आगमनकाळाचेही, म्हणजे नाताळच्या तयारीच्या दिवसांचेही, तसेच.

आता लग्नाच्या दिवसापासून मागे मोजत या. सहा महिने आधी दोघांनी आपापल्या धर्मग्रामात कळवायचे. विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिर बहुतेक ठिकाणी सक्तीचे आहे आणि ते दर आठवड्याला नसते. दुबईतला मुलगा तिथल्या धर्मग्रामातून ते करू शकतो का, आणि ते प्रमाणपत्र इथे चालेल का, हे आधी लेखी विचारा. शिबिर हुकले म्हणून तारीख पुढे गेली, असे हमखास होते.

मग बाप्तिस्म्याचा दाखला. घरात फाइलला लावलेला जुना चालत नाही, सहा महिन्यांच्या आतला नवा लागतो. लोक याला कटकट समजतात. कारण असे की कॅथलिक माणसाचे लग्न झाले की त्याची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या वहीत समासात होते. नवा दाखला काढला की आधी लग्न झाले आहे का, हे लगेच दिसते. वीस वर्षांपूर्वीच्या कागदावर ते दिसणार नाही. दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेले असावे. ते राहिले असेल तर त्याचीही सोय आधीच पाहावी लागते.

त्यानंतर चौकशीचा अर्ज. फादर दोघांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारतात: कोणाचा दबाव आहे का, आधी लग्न झाले आहे का, मुले हवीत ना, आयुष्यभरासाठी आहे ना, काही लपवले आहे का, तुमचे नाते काय. हा उपचार म्हणून उरकू नका. धाकाने दिलेला होकार किंवा मोठी फसवणूक करून मिळवलेला होकार चर्चच्या कॅनन कायद्यात होकारच धरला जात नाही. आत्येमामेभावंडांतले लग्न बिशपांनी सूट दिल्याशिवाय वैध होत नाही. त्यालाही वेळ लागतो. मुलगा रजेवर येईपर्यंत त्याची चौकशी राहिली तर वीस दिवसांत सगळे कोंबावे लागेल, म्हणून ती दुबईच्या फादरांकडून करून कागद इथे मागवता येतात का पाहा. तो अविवाहित असल्याचे तिथल्या चर्चचे पत्रही लागेल, कारण गेली काही वर्षे तो तिथेच राहतो.

नावे साधारण तीन रविवार चर्चमध्ये वाचली जातात, दोघांच्याही धर्मग्रामांत. तीन रविवार म्हणजे हिशेबाला महिना धरा. तुमचे लग्न ज्या चर्चमध्ये असेल तिथे दुसऱ्याकडून ‘काही अडथळा नाही’ असे पत्र पोहोचले पाहिजे. ते पत्र मुलाच्या खिशात राहिले, म्हणून लग्नाच्या आदल्या संध्याकाळी धावपळ होते.

आणि एक गोष्ट जी कोणी वेळेवर सांगत नाही: बाप्तिस्म्याच्या वहीतले नाव आणि पासपोर्टवरचे नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहा. डिसोजा आणि डिसूझा, एकात मधले नाव आणि दुसऱ्यात नाही, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. चर्चच्या विवाह दाखल्यावर वहीतले नाव येते आणि मग तुमचा दुबईचा व्हिसा अडतो. दुरुस्तीला अर्ज, पुरावे, कधी प्रतिज्ञापत्र लागते. हे लग्नाआधी करा. लग्नाच्या वहीत चूक उतरल्यावर काम दुप्पट होते.

प्रोटेस्टंट वाचकांसाठी दोन गोष्टी. 1872 चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लग्न कोण लावू शकतो हे ठरवतो. स्वतंत्र मंडळीच्या पास्टरकडे त्या कायद्याखालचा परवाना आहे का, हे विचारायला लाजू नका. परवाना नसताना लग्न लावणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि तुमचे लग्नच कायद्याने रद्द ठरू शकते. परवानाधारक पास्टरना लेखी नोटीस दिल्यावर ती चर्चमध्ये ठळक जागी लावली जाते. त्यानंतरच्या दाखल्यापासून दोन महिन्यांत लग्न झाले नाही तर पुन्हा नव्याने नोटीस द्यावी लागते. दुसरे, या कायद्याने लग्नाची वेळ सकाळी 6 ते संध्याकाळी 7. कॅथलिकांना बिशपांच्या परवानगीने यातून सूट मिळते, तशी काही जुन्या मंडळ्यांनाही. पण ‘साडेसातची लाइटिंग छान दिसते’ म्हणून वेळ छापण्याआधी विचारा.

गोव्याचे स्थळ असेल तर तिथला नागरी कायदा वेगळा. आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंद, मग चर्च. शिवाय तिथे लग्नाने दोघांची मालमत्ता सामाईक होते. वेगळी ठेवायची असेल तर करार लग्नाआधीच नोंदवावा लागतो, नंतर बदलता येत नाही.

मुलाला न्यूझीलंडची नोकरी मिळाली आहे. त्याच्या घरचे म्हणतात, आता रजिस्टर लग्न करून घेऊ म्हणजे मुलीची व्हिसाची फाइल लागेल. चर्चमधले ‘खरे’ लग्न पुढच्या वर्षी, तोवर मुलगी आपल्या घरी. आम्ही पुण्याचे, कॅथलिक. मुलीचे वडील या नात्याने विचारतो, यात काही चूक आहे का?

चूक ‘खरे’ या शब्दात आहे. विशेष विवाह कायद्याखालचे लग्न सरकारच्या दृष्टीने पूर्ण खरे आहे. जिल्ह्यात दोघांपैकी एकाचे 30 दिवस वास्तव्य, 30 दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या. त्या क्षणी तुमची मुलगी विवाहित. चर्चच्या दृष्टीने मात्र दोघेही अविवाहितच. म्हणजे एक वर्ष मुलगी दोन्हींच्या मध्ये अडकलेली.

या वर्षात बिनसले तर काय होते ते पाहा. घरचे म्हणतील, चर्चमध्ये तर झाले नव्हते, सोडून द्या. पण सोडून देता येत नाही. घटस्फोटच घ्यावा लागतो, आणि अगदी अपवाद सोडला तर लग्नाला एक वर्ष होईपर्यंत अर्जही करता येत नाही. पुढच्या स्थळाला ‘घटस्फोटित’ हे सांगावे लागणार, ज्या संसाराची एक रात्रही झाली नाही त्याबद्दल. बिनसले नाही तरी दुसरी अडचण असते. दोघांना आता नवराबायको म्हणून एकत्र राहावेसे वाटणार, आणि चर्च त्याला लग्न मानणार नाही. तरुण मुलांना वर्षभर या कोंडीत ठेवताना पौलाचे ‘जळत राहण्यापेक्षा लग्न करणे बरे’ हे वचन कोणी आठवत नाही.

मार्ग साधा आहे. चर्चमधले लग्न आत्ताच करा, लहान करा. ख्रिस्ती विवाह कायद्याखाली चर्चमध्ये लागलेल्या लग्नाचा दाखला व्हिसासाठी चालतो. जेवणावळ पुढच्या वर्षी करा, हवी तर. चर्चचे लग्न आत्ता नको असे मुलाकडचे म्हणत असतील, तर का नको ते विचारा. ‘बहीण परदेशातून येऊ शकत नाही’ हे कारण समजण्यासारखे आहे. ‘तिथे जाऊन जमते का बघू’ असे उत्तर आले तर सही करू नका. व्हिसा लांबला तरी चालेल.

माझी मैत्रीण हिंदू आहे. सहा वर्षांची ओळख. आमचे कॅथलिक कुटुंब म्हणते, तिचा बाप्तिस्मा होईपर्यंत थांब. ती म्हणते, तुझ्यासाठी घेईन. मग वाट पाहू का? (नाशिक)

‘तुझ्यासाठी’ म्हणून घेतलेला बाप्तिस्मा कोणत्याही शहाण्या फादरांना मान्य होणार नाही. प्रौढांच्या तयारीला साधारण वर्ष लागते आणि बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या रात्री होतो. हे वर्ष तिच्या स्वतःच्या शोधाचे असते, त्याला लग्नाची तारीख बांधली की ते परीक्षेच्या अभ्यासासारखे होते. लग्न झाले, पुस्तक मिटले.

तेव्हा दोन प्रश्न सुटे करा. तिला विश्वास ठेवायचा आहे का, हा तिचा प्रश्न, त्याला मुदत नाही. लग्न करायचे का, हा दोघांचा. बिशपांकडून सूट घेऊन कॅथलिक आणि बाप्तिस्मा न झालेली व्यक्ती यांचे लग्न चर्चमध्ये लागते. त्यासाठी तुम्ही स्वतःचा विश्वास सोडणार नाही आणि मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी व ख्रिस्ती संगोपनासाठी होईल ते सगळे करीन, असे वचन देता. तिला त्या वचनाची कल्पना दिली जाते, तिच्याकडून धर्मांतर मागितले जात नाही. एक धर्मविधी चर्चमध्ये आणि दुसरा मांडवात, असे दोनदा मात्र चालत नाही. आणि तिच्या घरचे पंचांग काढून मुहूर्त सांगतील. चर्चला मोकळा असलेला दिवस त्यांना शुभ निघत असेल तर मान्य करायला हरकत नाही. मुहूर्त तुमच्यासाठी नुसती तारीख आहे.

विषम जोडीत, म्हणजे विश्वासात नसलेल्यांबरोबर, जुंपले जाऊ नका, हे करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले वचन तुम्हाला ऐकवले जाईलच, आणि बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या त्यावर ठाम आहेत. ख्रिस्ती मराठी कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा दाखला याच्या उलट बाजूने दिला जातो. तो इथे लागू नाही. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांचे लग्न आधीच झालेले होते, आणि तशा जोडप्यांबद्दल पौलाने वेगळे लिहिले आहे. तुम्ही नव्याने ठरवत आहात. एक कसोटी सांगतो: पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा आणि आजीच्या घरचे बारसे या दोन दिवसांबद्दल, कोण कुठे उभे राहील इथपर्यंत, तुम्ही दोघे आज भांडण न होता बोलू शकता का? शकत असाल तर फादरांना भेटा. सहा वर्षांत हा विषय टाळलेलाच असेल, तर आधी तो.

पहिले लग्न चर्चच्या विवाह न्यायालयाने रद्द ठरवले. वर्ष झाले. आता दुसरे स्थळ आहे. लग्न करता येईल ना? (वय 35, मुंबई)

कोर्टाचा निकाल हातात आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. धर्मप्रांताच्या विवाह न्यायालयाचा निर्णय चर्चमध्ये लागू होतो, कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये आणि पुन्हा 2017 मध्ये ते स्पष्ट केले आहे. कोर्टाच्या हुकुमाशिवाय दुसरे लग्न केले तर ते द्विभार्येचा गुन्हा ठरू शकते. कोर्टात जा, हुकूम मिळाल्यावर अपिलाची मुदत संपू द्या, मगच तारीख धरा. उलटही तितकेच खरे: कोर्टाचा घटस्फोट आहे पण चर्चचा निर्णय नाही, तर कॅथलिक चर्चमध्ये लग्न लागणार नाही.

मुलगी 33 वर्षांची, नर्स आहे. म्हणते, मला लग्न करायचे नाही, मी समाधानी आहे. नातेवाईक बोलतात. आई म्हणून अजून किती वर्षे स्थळे पाहत राहू?

ताई, तिने उत्तर दिलेले आहे. एकदा शांतपणे एवढेच विचारा: पाहिलेली स्थळे नको आहेत की लग्नच नको आहे? कोणी दुखावले म्हणून, की आजाऱ्यांच्या सेवेत खरेच मन भरते म्हणून? पहिले असेल तर तिला स्थळापेक्षा बोलायला माणूस हवे आहे. दुसरे असेल तर प्रभूनेही अविवाहितपण काहींना दिलेले दान मानले आहे, मत्तयाचा 19 वा अध्याय पाहा. मग तिच्या नावावर घर, आरोग्य विमा आणि म्हातारपणाची शिल्लक आहे का, यात लक्ष घाला. नातेवाइकांच्या बोलण्याला विमा नसतो.

चार महिन्यांपूर्वी बाबा गेले. माझे लग्न त्याआधीच ठरले होते. काका म्हणतात, वर्ष होईपर्यंत करू नये, नाहीतर दोन वर्षे थांबावे लागेल. चर्चचा असा नियम आहे का? (सोलापूर)

नाही. वर्षाच्या आत किंवा वर्षानंतर, असा कोणताही नियम कोणत्याही मंडळीत नाही. ही आपल्या भोवतालची रीत आहे, आणि ती मोडल्याने काही अशुभ होत नाही. पण आईला विचारा, काकांना नव्हे. घरात आत्ता कोणी हसले तरी तिला सहन होत नसेल, तर चारसहा महिने द्या. तिला उलट घरात माणूस यावेसे वाटत असेल, तर ठरल्या तारखेला करा. बँड नको, जेवण साधे, आणि पत्रिकेवर बाबांचे नाव ‘कै.’ लावून निमंत्रकांत आईच्या आधी छापा. सकाळी बाबांच्या कबरीवर फुले ठेवून मग चर्चमध्ये गेलात तर काकाही बहुधा बरोबर येतील.